कादोवाकी सेन्सेईंचं पान

आमच्या मसाजशाळेचं माहितीपत्रक दर वर्षी पानगळीच्या दिवसांत छापायला जायचं. त्यातलं 'आमचे शिक्षक' हे पान लिहायचं काम कुणालाच नको असायचं, म्हणून ते सगळ्यांत धाकट्याच्या गळ्यात पडायचं. १९८५ साली ते माझ्या गळ्यात पडलं. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. आज सत्तरीला टेकले आहे, आणि अजून त्या पानातून सुटले नाही.

शाळा मात्सुए शहरात, मोठ्या तळ्याच्या टोकाला, कालव्याकाठी. वर दोन वर्ग आणि सांगाड्याची खोली, खाली दवाखाना. तिथे शिकाऊ मुलं शहरातल्या लोकांच्या पाठी-कंबरा दाबून द्यायची. निम्मी मुलं आंधळी, निम्मी डोळस. शिक्षक, म्हणजे आमच्या बोलीत सेन्सेई, पाचच, आणि सरळ वाटेने आलेला एकही नाही. मुख्याध्यापक कात्सुबे हे गरम पाण्याच्या झऱ्यावर लॉज चालवणाऱ्या घरातले. पाहुण्यांची अंगं रगडायला येणारी आंधळी माणसं बघत मोठे झालेले. आदाचीबाई आधी सुईण होत्या. बायका इस्पितळात बाळंत व्हायला लागल्या तेव्हा त्यांचे हात रिकामे झाले. नागामी सेन्सेई सुमो पैलवान होते, अगदी खालच्या पायरीवरचे; गुडघे गेले म्हणून परत आलेले. त्यांच्यापुढे पालथं पडायला नवी मुलं घाबरायची, पण त्यांच्याइतका हलका हात शाळेत कुणाचा नव्हता. आणि मी टपाल कचेरीतली. पत्रं निवडता निवडता मनगट धरलं, दवाखान्यात दाखवायला आले, आणि कादोवाकी सेन्सेईंनी मनगट हातात घेऊन म्हटलं, "हे काही पत्रांसाठी केलेलं मनगट नाही. इथे ये, शिकवतो." मी गेले.

कादोवाकी सेन्सेई तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. दोन्ही डोळ्यांनी आंधळे, बिनलग्नाचे, तळ्याच्या उत्तर काठावरच्या शिंपल्या काढणाऱ्या गावातले. अंगठ्याने कसं दाबायचं ते शिकवायचे. पहिले तीन महिने ते माणसाच्या अंगाला हात लावू देत नसत. गुंडाळलेली गादी दाबायला लावत आणि शेजारी बसून नुसता आवाज ऐकत. "गादी कुरकुरली. माणूस असता तर उठून गेला असता," म्हणायचे. माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारायचे, "आज भांडून आलीस का गं?" आणि मी भांडून आलेलीच असायची. मुलं त्यांना भ्यायची नाहीत, पण त्यांच्यासमोर खोटं बोलायला कचरायची.

माहितीपत्रकात त्यांच्या नावापुढे दर वर्षी एकच वाक्य यायचं: 'युद्धात दृष्टी गमावूनही ज्यांनी हातांना डोळे दिले.' हे कात्सुबे मुख्याध्यापकांचं वाक्य. त्यांनी सेन्सेईंना कधी विचारलं नव्हतं आणि सेन्सेईंनी कधी नाही म्हटलं नव्हतं. युद्धातून आलेला, आंधळा, त्या वयाचा माणूस. दुसरं काय असणार? दर ऑगस्टला युद्धसमाप्तीच्या दिवशी मुख्याध्यापक त्यांना मुलांसमोर दोन शब्द बोलायला सांगायचे, आणि नेमकी त्याच दिवशी त्यांना सर्दी व्हायची.

आणखी एक गोष्ट शाळेत सगळ्यांना ठाऊक होती. महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक बाई मागच्या दाराशी यायची. साठीच्या आसपासची, पाठीत वाकलेली, तळ्याच्या पाण्याने हात काळवंडलेले. शिंपल्यांची जाळीदार पिशवी ठेवायची, वाकून नमस्कार करायची, म्हणायची, "कादोवाकी सेन्सेईंना द्या." आत कधी आली नाही. शिकत असताना मी कितीतरी वेळा ती पिशवी घेतली होती. मुलं चिडवायची, "सेन्सेई, तुमची मैत्रीण आली होती." पिशवी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात जायची, त्या रात्री मुलांना शिंपल्यांचं मिसो सूप मिळायचं, आणि सेन्सेई नुसता चहा घ्यायचे. शिंपल्या पोटाला मानवत नाहीत, असं सांगत. तळ्याकाठी जन्मलेल्या माणसाला शिंपल्या मानवत नाहीत, याचं नवल मला तेव्हा वाटायला हवं होतं.

सेन्सेई पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होणार होते, म्हणून मुख्याध्यापकांनी त्यांना अख्खं पान द्यायचं ठरवलं. ऑक्टोबरातल्या एका दुपारी तास संपल्यावर मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले. ते सांगाड्याच्या खोलीत बसून मुलांनी उलटसुलट लावलेली मनगटाची हाडं नीट लावत होते. लहानपण कुठे गेलं, डोळे कधी गेले, या धंद्यात कसे आलात, असं मी ओळीने विचारलं.

"खरं लिहिणार असशील तर सांगतो," ते म्हणाले.

मी म्हटलं, खरंच लिहिणार.

मग त्यांनी सांगितलं. हाडं लावणं थांबवलं नाही.

युद्धाच्या शेवटी ते तळ्याच्या पश्चिमेला असलेल्या नौदलाच्या विमानतळावर मेकॅनिक होते. शरणागती झाली तेव्हा सगळे हाताला लागेल ते घरी नेत होते. कुणी तांदूळ नेले, कुणी घोंगड्या. सेन्सेईंनी स्पिरिटचे दोन डबे नेले आणि होडीच्या फळ्यांखाली लपवले. त्या हिवाळ्यात प्यायला दारू नव्हती. लोक असलं स्पिरिट पाणी घालून प्यायचे आणि त्याला 'बॉम्ब' म्हणायचे. नव्या वर्षाच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या मित्राला, त्सुमोरी यासुजीला, बोलावलं. दोघं एका होडीत वाढलेले. यासुजी नुकताच चीनमधून सुखरूप परतला होता, आणि मियो नावाच्या मुलीशी लग्न होऊन त्याला दोन महिने झाले होते.

"प्यावं की नाही, असं तो म्हणत होता. मी म्हटलं, चीनमधून जिवंत आलास आणि याला भितोस? मी दोन पेले घेतले. तो पाहुणा, म्हणून त्याला चार ओतले."

सकाळी सेन्सेईंना जाग आली तेव्हा सगळं पांढरं दिसत होतं. त्यांनी आईला विचारलं, बर्फ पडतोय का? बाहेर खरंच बर्फ पडत होता. आई हो म्हणाली. म्हणून दुपारपर्यंत त्यांना काही कळलंच नाही. दुपारी ते पांढरं काळं झालं. तोवर यासुजी वारला होता.

पोलीस आले. सैन्याचा माल चोरणं तेव्हा मोठा गुन्हा होता; वरती अमेरिकन बसले होते. सेन्सेई अंथरुणात पडलेले, आणि दाराशी त्यांच्या वडिलांनी पोलिसांना सांगितलं की दारू यासुजीने आणली. सेन्सेईंनी ते ऐकलं.

"शुद्धीत होतो मी. तोंड उघडलं असतं तर आवाज निघाला असता," ते म्हणाले.

गावाने तेच खरं धरलं. यासुजीने स्वतःचा जीव घालवला आणि कादोवाकीच्या पोराला आंधळं केलं. मियोला दिवस गेले होते. सप्टेंबरात मुलगी झाली, फुसाए. त्या घराशी गावाने बोलणं तोडलं नाही, पण कमी केलं. होड्यांच्या रांगेत मियोची होडी शेवटची. सणाच्या नाचात तिला कुणी हात धरून ओढायचं नाही. सेन्सेईंना घरच्यांनी आंधळ्यांच्या शाळेत घातलं, ते आन्मा, म्हणजे अंग दाबायची जुनी विद्या शिकले, आणि शहरात आले. ते आमच्या शाळेत लागल्याचं मियोला कळलं त्या महिन्यापासून ती शिंपल्या आणायला लागली. नवऱ्याच्या पापाची भरपाई म्हणून. तेवीस वर्षं.

"माझ्या पापाची," सेन्सेई म्हणाले, "आणि मी ती घेतो. पिशवी हातात घेतली की तिचं वजन कळतं. ती एकदाही कमी भरत नाही."

त्यांनी माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्या. एक, हे सगळं पानावर लिहायचं, यासुजीच्या नावासकट. दुसरी, त्यांच्याबरोबर मियोकडे जायचं. मी म्हटलं, तुम्हाला सोबत कशाला हवी, तुम्ही एकटे ओसाकापर्यंत जाऊन येता.

"चार वेळा गेलोय. गावच्या स्टेशनवर उतरतो, बाकावर बसतो, आणि पुढच्या गाडीने परत येतो. मला वाट दाखवणारं माणूस नकोय, पोरी. परत फिरू न देणारं हवंय."

मी म्हटलं, परवान्याची परीक्षा फेब्रुवारीत आहे, मुलांची तयारी चालू आहे, ती झाली की मार्चमध्ये जाऊ. खरं तर पुढच्याच रविवारी जाता आलं असतं. गाडीने पाऊण तासाची वाट.

पान मी त्या आठवड्यातच लिहिलं. चांगलं उतरलं होतं. इतक्यांदा लिहून काढलं की पाठ झालं. मुख्याध्यापकांना दाखवलं. ते दोनदा वाचून त्यांनी चष्मा काढला.

"अगं, ही शाळा आहे, चौकी नाही. पुढच्या वर्षी दहा मुलं तरी येतील का याची मला धाकधूक, आणि तू छापणार की आमचे सेन्सेई चोरीचं स्पिरिट पिऊन आंधळे झाले, आणि एक माणूस मारला?"

मी म्हटलं, त्यांचीच इच्छा आहे.

"निवृत्त होताना सगळ्यांना असं काहीतरी होतं. त्यांचं नाव खराब होईल ते त्यांना दिसणार नाही. तुला दिसेल." मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "जुनंच वाक्य ठेव. खाली त्यांच्या शिकवण्याबद्दल लिही. ते तू छान लिहितेस."

मी जुनंच वाक्य ठेवलं. मला दटावलं म्हणून नाही. मलाही तेच बरं वाटलं, हे आज कबूल करते. युद्धात डोळे गेलेल्या माणसाची मी विद्यार्थिनी होते. ते सोडून दुसऱ्या कुणाची विद्यार्थिनी व्हायची माझी तयारी नव्हती.

डिसेंबर संपता संपता गठ्ठे आले. सेन्सेईंनी मला बोलावलं आणि म्हणाले, "वाच."

मी पान उघडलं. समोर छापलेलं होतं, युद्धात दृष्टी गमावूनही. आणि माझ्या तोंडून निघालं ते मी पाठ केलेलं. विमानतळ, दोन डबे, नव्या वर्षाचा तिसरा दिवस, माझा मित्र त्सुमोरी यासुजी. शेवटपर्यंत न अडखळता वाचलं. ते मान खाली घालून ऐकत होते. म्हणाले, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं.

"यासुजी हे नाव तीन-चार अक्षरांनी लिहितात. तू अक्षर कोणतं घातलंस? 'शांत'मधलं ना?"

मी हो म्हटलं. त्यांनी पान माझ्याकडून घेतलं आणि अंगठा ओळींवरून फिरवला. शाई काही हाताला लागत नाही. तरी खालपर्यंत फिरवला. "बरं लिहिलंस," म्हणाले.

दोन दिवसांनी सहज बोलता बोलता त्यांनी सांगितलं की सकाळी एक प्रत त्यांनी मियोच्या पत्त्यावर टपालात टाकली. टपाल कचेरी माझी जुनीच; संध्याकाळच्या थैल्या किती वाजता भरतात ते मला माहीत होतं. चार वाजेपर्यंत ते पाकीट तिथेच असणार होतं, आणि मागितलं असतं तर माझ्या जुन्या मैत्रिणींनी मला ते काढूनही दिलं असतं. मला शरीररचनेचा तास होता. मी तास घेतला.

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी पिशवी आली, नेहमीसारखी. फेब्रुवारीत आली नाही.

सेन्सेई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मागच्या दाराजवळच घोटाळत होते. मग मला म्हणाले, "थांबवलं तिने. वाचलं असणार. रागावली असेल." आणि त्यांचा चेहरा इतका हलका झाला होता की मी बघू शकले नाही. त्या पानात रागावण्यासारखं काही नव्हतं, हे फक्त मला माहीत होतं. मग शिंपल्या का थांबल्या? मी तो प्रश्न मनात येऊ दिला नाही.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी आम्ही गेलो. तळ्याकाठच्या छोट्या गाडीने, उजव्या हाताला डोंगर आणि डाव्या हाताला पाणी. गावच्या स्टेशनवर उतरल्यावर ते बाकापाशी थांबले. मी त्यांचा कोपर धरला आणि चालायला लागले. तेवढं एक काम मी नीट केलं.

दार फुसाएने उघडलं. चाळिशीला आलेली, उंच, रबरी एप्रन घातलेली. शिंपल्या निवडायच्या शेडवर ती काम करायची. सेन्सेईंना तिने लगेच ओळखलं. आत घेतलं. आतल्या खोलीत मियो अंथरुणावर होती. उजवी बाजू गेलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं, वाचा बंद. जानेवारीच्या शेवटी झटका आला, फुसाए म्हणाली. डोळे मात्र उघडे होते, आणि ऐकू येत होतं.

सेन्सेई तसेच बसून राहिले. फुसाएने चहा ठेवला आणि उशीपाशी ठेवलेलं आमचं माहितीपत्रक उचलून त्यांच्या गुडघ्यापाशी ठेवलं. पान चुरगळलेलं होतं.

"तुमचं आलेलं हे. आईने मला चार वेळा वाचायला लावलं," ती म्हणाली. "वर लिहिलंय, युद्धात डोळे गेले. आई रडली. म्हणाली, बघ, चाळीस वर्षं झाली तरी अजून तुझ्या बापाला पाठीशी घालतायत. त्याचं नाव घेत नाहीत, युद्धावर ढकलतात. एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाला आपण काय देतो, तर मूठभर शिंपल्या. जानेवारीची पिशवी भरून झाली होती; फेब्रुवारीत दुप्पट नेईन, म्हणाली. थंडी इतकी होती की काठाला बर्फ धरला होता. मी नको म्हटलं. शेडवरून आले तर होडीत पडलेली होती."

मी सेन्सेईंकडे बघत होते. ते हलले नाहीत. त्यांचा हात त्या पानावर गेला आणि तिथेच राहिला. आता ते म्हणतील, हे मला दुसरंच वाचून दाखवलं होतं. आता माझ्याकडे वळतील. मी वाट बघत होते.

"माझ्या नावाचं पान आहे," ते फुसाएला म्हणाले. "त्यातलं खोटं माझं."

मग ते मियोच्या अंथरुणाकडे वळले, कपाळ चटईला टेकवलं, आणि त्याच अवस्थेत सगळं सांगितलं. डबे कुणी आणले. कुणी कुणाला बोलावलं. किती पेले कुणी ओतले. दाराशी वडील काय बोलले आणि आपण काय बोललो नाही. आवाज चढवला नाही, माफी हा शब्दही काढला नाही. मियो त्यांच्याकडे बघत होती. त्यांचं झालं, तेव्हा तिने डाव्या हाताने पांघरूण धरलं आणि हळूहळू ओढत तोंडावर घेतलं.

मग फुसाए म्हणाली, "दिवस बरा निवडलात. आता तिला काही विचारता येत नाही."

सेन्सेई म्हणाले, "हो."

"माझी दोन स्थळं मोडली, माहीत आहे? डोळे घालवणाऱ्याची मुलगी म्हणून. दुसऱ्या वेळी आई त्यांच्या दारात जाऊन बसली होती. माझ्या नवऱ्याने केलं, मुलीने नाही, असं सांगत." तिने रिकामी कपबशी उचलली. "इथे चार भिंतींत सांगून काय उपयोग. ज्या गावाने ऐकलं त्या गावाला सांगा."

परतीच्या गाडीत डबा जवळजवळ रिकामा होता. दोन स्टेशनं गेल्यावर सेन्सेईंनी विचारलं, "मला वाचून दाखवलंस ते कुठे छापलं होतं?"

"कुठेच नाही."

"हं." आणखी एक स्टेशन गेलं. "तू वाचलंस तेव्हा मला काय वाटलं होतं, तुला कल्पना नाही. दोन महिने मी माणसासारखा झोपलो."

मी रडत होते. त्यांना ऐकू येत होतंच. मी विचारलं की फुसाएला का नाही सांगितलंत, माझी चूक म्हणून.

"माझ्या वतीने माझा बाप बोलला होता. त्याचं काय झालं ते आत्ता बघून आलीस. तुझं तू सांग."

दहा-बारा दिवसांनी वसंत विषुवाला गाव पितरांसाठी देवळात जमलं, तेव्हा सेन्सेई पुन्हा गेले. या वेळी एकटे. पूजा झाल्यावर त्यांनी भिक्षूंची परवानगी घेतली आणि सगळ्यांसमोर उभे राहून तेच सांगितलं. मी नव्हते, पण फुसाएने नंतर मला सांगितलं. म्हातारी माणसं जमिनीकडे बघत होती. एक जण म्हणाला, जाऊ दे, चाळीस वर्षं झाली, तूही भोगलंस. दोघा-तिघांनी मान डोलावली आणि मग भात-भाजीची पानं मांडली गेली. गावाला खरं कळलं. पण त्या आठवड्यात नाही, त्या महिन्यात नाही, मियोच्या दारात येऊन कुणी एक शब्द बोललं नाही. चुकलं होतं सगळ्यांचं, मग कुणा एकाचं असं ते राहिलंच नाही.

सेन्सेई निवृत्त झाले आणि स्टेशनमागे एका खोलीत राहायला गेले. मियोच्या हातावर उपचार करू देता का, असं त्यांनी फुसाएला विचारून बघितलं. ती नाही म्हणाली. पण आईचा हात आखडत चालला होता आणि शहरापर्यंत तिला नेणं होत नव्हतं. ती म्हणाली, ती बरोबर आलेली बाई येत असेल तर चालेल.

म्हणून मी जायला लागले. दर रविवारी, वीस महिने. खांद्यापासून सुरुवात करून कोपर, मनगट, मग एकेक बोट सोडवायचं. मियोचा तळवा आयुष्यभर तळातल्या शिंपल्या खरवडायच्या लोखंडी फणीचा दांडा ओढून लाकडासारखा झाला होता. हळूहळू तो उघडायला लागला. पहिल्या उन्हाळ्यात ती तोंडातल्या तोंडात एक शब्द बोलायला लागली, आभार. तेवढा एकच परत आला. प्रत्येक बोटाला म्हणायची. पाच बोटं, पाच वेळा. निघताना फुसाए मुळ्याचं लोणचं बांधून द्यायची, आणि मी ते घ्यायची.

मी दर रविवारी ठरवून जायची की आज सांगायचं. ते पान मी लिहिलं, मी वाचलं, टपालातून परत आणता येत होतं ते मी आणलं नाही. मग ती आभार म्हणायची, आणि मी पुढचं बोट हातात घ्यायची. सेन्सेईंनी मला एकदाच विचारलं, "सांगितलंस?" मी म्हटलं, तिला जरा बरं वाटू दे. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

१९८७च्या नोव्हेंबरात मियो गेली, झोपेत. अंत्यविधीला सेन्सेई देवळाच्या फाटकाबाहेर उभे राहिले, आत आले नाहीत. मी आत होते. फुसाएने मला घरच्यांच्या ओळीत बसवलं.

एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाल्यावर, पाहुणे गेल्यानंतर, मी फुसाएला सांगितलं. स्वयंपाकघरात ती वाट्या पुसत होती. मी काही गाळलं नाही, मनगटाचं, टपाल कचेरीचं, माझ्या शरीररचनेच्या तासाचंसुद्धा. तिने सगळ्या वाट्या पुसून होईपर्यंत मला बोलू दिलं.

मग म्हणाली, "आईला सांगितलं असतंस ना, तर ती म्हणाली असती, जाऊ दे. बोलता नसतं आलं, पण तुझ्या डोक्यावर हात ठेवला असता. ती तशीच होती." तिने फडका पिळून वाळत घातला. "म्हणून तिला सांगायचं होतं. मला सांगितलंस. मी तशी नाही."

ती मला दारापर्यंत सोडायला आली. पाहुण्यांचे ठेवतात तसे माझे बूट बाहेरच्या दिशेला वळवून ठेवले, आणि वाकून नमस्कार केला. पुन्हा कधी येऊ का, हे मी विचारलं नाही. तिच्या पलीकडच्या घरातली म्हातारी अंगणात कोबी झाकत होती. तिने आम्हा दोघींकडे बघितलं आणि मान फिरवली.

सेन्सेई स्टेशनवर बाकावर बसले होते. सकाळी माझ्याबरोबर आले होते आणि तिथेच थांबले होते, कॉलर वर करून, हात बाह्यांत घालून. माझी पावलं ओळखून त्यांनी बाकावर जागा केली.

"काय म्हणाली?"

मी जसंच्या तसं सांगितलं.

"बरोबर बोलली," ते म्हणाले.

गाडीला अजून वीस मिनिटं होती. थंडी वाजत होती, पण दोघांपैकी कुणीच उठून आतल्या खोलीत गेलं नाही.